दुर्धर मूत्रपिंडविकार व रुग्णाची आत्मिक स्वस्थता

(सीताबर्डी, नागपूर येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा पाठ)



सीताबर्डी हे नागपूर शहराचे मध्यवर्ती ठिकाण. १८१७ च्या लढाईचा साक्षीदार असलेला किल्ला, टेकडीचा गणपती, गजबजलेली बाजारपेठ आणि आता मेट्रोच्या दोन मार्गांचा संगम, अशी या भागाची ओळख सांगता येईल. लगतच्या धंतोली व रामदासपेठ या वस्त्यांत रुग्णालयांची दाटी आहे. त्यामुळे सकाळच्या वेळी मोरभवनच्या बसस्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत विद्यार्थी असतात, गिऱ्हाईक असतात, नोकरदार असतात, तसेच काही निराळे प्रवासीही असतात. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कागदपत्रांची जाडजूड फाईल, चेहरा थकलेला आणि एक हात अंगाशी जपून धरलेला. हा प्रवासी दोन-तीन दिवसांनी पुन्हा येतो, त्यानंतर पुन्हा येतो. त्याचे येणे थांबत नाही. थांबले, तर बहुधा त्याचे आयुष्यच थांबलेले असते.

हा मूत्रपिंडाच्या दुर्धर विकाराने ग्रासलेला रुग्ण होय. त्याच्या रक्तातील क्षारांचा हिशेब ठेवण्यासाठी आज यंत्रे आहेत, तज्ज्ञ आहेत, शासनाच्या योजना आहेत. परंतु त्याच्या अंतःकरणाचा हिशेब कोणी ठेवावयाचा, हा प्रश्न आजवर पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच आहे.

व्याधीचे स्वरूप

मूत्रपिंडे रक्त गाळतात, नको असलेली द्रव्ये व जास्तीचे पाणी मूत्रावाटे बाहेर टाकतात, रक्तदाब आटोक्यात ठेवतात आणि रक्त तयार होण्यास साहाय्य करतात. मधुमेह व उच्च रक्तदाब ही ती निकामी होण्याची प्रमुख कारणे आहेत. पश्चिम विदर्भातील पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यातील गावांतून या विकाराच्या तक्रारी अनेक वर्षांपासून ऐकू येतात. वैद्यकशास्त्र या विकाराच्या पाच अवस्था मानते. पाचव्या अवस्थेत मूत्रपिंडांची गाळणक्षमता प्रकृतिमानाच्या सुमारे पंधरा टक्क्यांच्याही खाली जाते. त्यानंतर मार्ग तीनच उरतात : डायलिसिस, म्हणजे यंत्राच्या अथवा पोटातील पडद्याच्या साहाय्याने रक्तशुद्धी, दुसऱ्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण, किंवा या दोहोंचाही आग्रह न धरता औषधे व शुश्रूषा यांच्या बळावर उरलेले दिवस शक्य तितके सुखाचे करणे.

यंत्रावरील डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालतो. त्यासाठी रुग्णाच्या हातातील एक रोहिणी व एक नीला शस्त्रक्रियेने जोडतात. तिला फिस्टुला म्हणतात. त्या जागी बोट ठेवले की रक्ताची थरथर जाणवते. ती थरथर चालू आहे ना, हे रुग्ण रोज सकाळी चाचपून पाहतो. इतर माणसे सकाळी उठून देवाला हात जोडतात. या माणसाचा हात प्रथम आपल्याच मनगटाकडे जातो.

याशिवाय पथ्य आहे. ज्याची लघवी जवळजवळ बंद झाली, त्याने प्यालेले पाणी अंगातच साठते, पायांवर सूज येते, फुप्फुसात पाणी होऊन श्वास कोंडतो. म्हणून दिवसाचे पाणी मापून प्यावे लागते. नागपूरच्या वैशाखात, पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असताना, तहानलेल्या माणसाने पेल्यातले पाणी मोजावे, ही शिक्षा केवढी असेल याची कल्पना निरोगी माणसास येणे कठीण. ज्या संत्र्यांसाठी हे शहर देशभर प्रसिद्ध आहे, ती संत्रीही अशा अनेक रुग्णांना वर्ज्य ठरतात. कारण त्यांतील पोटॅशियम रक्तात साठले, तर हृदय बंद पडण्याचा धोका असतो. संत्र्याच्या बागेचा मालक स्वतःच्या बागेतील फळ खाऊ शकत नाही, अशीही स्थिती उद्भवते.

आत्मिक स्वस्थता म्हणजे काय?

‘आत्मिक’ हा शब्द उच्चारताच पूजाअर्चा, जपजाप्य व तीर्थयात्रा डोळ्यांपुढे येतात. त्यांचा समावेश त्यात आहेच. परंतु त्याचा अर्थ तेवढाच नाही. आपण कशासाठी जगतो, आपले कोण, आपल्या दुःखाला काही अर्थ आहे काय, आणि आपल्यामागे काय राहील, या प्रश्नांशी माणसाचे जे नाते असते, त्यास आत्मिक जीवन म्हणावे. ईश्वर न मानणाऱ्यासही हे प्रश्न पडतात. किंबहुना यंत्राला जोडलेल्या माणसास ते अधिक तीव्रतेने पडतात, कारण चार-चार तास छताकडे पाहत पडून राहण्यावाचून त्याला दुसरा उद्योग नसतो.

त्याच्या मनात प्रथम येते ते ‘माझ्याच वाट्याला हे का?’ आपल्याकडे याचे उत्तर शेजारीपाजारी तत्परतेने पुरवितात. मागील जन्मीचे पाप, कोणाचा तळतळाट, कुलदैवताचा कोप! आधीच खचलेल्या माणसावर अपराधाचे हे नवे ओझे लादले जाते. दुसरी व्यथा भार होण्याची. शेत विकले, मुलीचे लग्न लांबले, मुलाने शिक्षण सोडले. हे सर्व माझ्या एकट्यासाठी, ही जाणीव त्याला पोखरते. ज्याला आई, पत्नी किंवा भावंड मूत्रपिंड देऊ करते, त्याची व्यथा त्याहून वेगळी. एवढे मोठे दान घ्यावे तरी कसे, आणि ते शरीराने नाकारले, तर त्या माउलीस तोंड कसे दाखवावे? तिसरी व्यथा माणसांतून उठण्याची. चहा नको, पाणी नको, पंगतीस बसणे नको, परगावी मुक्काम नको, असे म्हणता म्हणता बोलावणीच येईनाशी होतात. या व्यथा रक्ततपासणीत दिसत नाहीत. मात्र त्यांच्यामुळेच कोणी पथ्य सोडतो, कोणी डायलिसिसची पाळी चुकवितो, कोणी औषधाच्या गोळ्या उशीखाली ठेवून देतो.

दोन थोर पुरुषांचे उदाहरण

या संदर्भात लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या अखेरच्या चार वर्षांचे स्मरण उद्बोधक ठरेल. १९७५ साली स्थानबद्धतेत असताना त्यांची प्रकृती ढासळली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निष्पन्न झाले आणि त्यानंतर अखेरपर्यंत डायलिसिस हा त्यांच्या जीवनाचा भाग झाला. त्या वेळी त्यांचे वय त्र्याहत्तर होते. पत्नी प्रभावतीदेवी १९७३ मध्येच निवर्तल्या होत्या. डायलिसिस त्या काळी देशात मोजक्याच ठिकाणी उपलब्ध होता व अतिशय खर्चाचा होता. त्यांच्या यंत्रासाठी लोकांनी वर्गणी जमविली. अशा अवस्थेतही त्यांनी सार्वजनिक कार्य सोडले नाही. १९७७ च्या निवडणुकीच्या धामधुमीत ते उपचारांच्या वेळा सांभाळून लोकांपुढे उभे राहिले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटणा येथे त्यांचे निधन झाले.

डायलिसिसने त्यांना आयुष्य दिले हे खरे. परंतु त्या आयुष्याचे काय करावयाचे, हे यंत्राने ठरविलेले नव्हते. १९५४ मध्ये बोधगया येथे भूदान कार्यासाठी ‘जीवनदान’ जाहीर केलेल्या या पुरुषापाशी त्याचे उत्तर आधीपासूनच होते.

ज्या विनोबाजींच्या भूदान कार्यासाठी त्यांनी ते जीवनदान केले, त्यांचे उदाहरण नागपूरपासून जवळच, पवनार येथे, धाम नदीच्या काठी घडले. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी अन्न, पाणी व औषध घेणे थांबविले आणि १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवशी देह ठेवला. एकाच विचारधारेतील दोन थोर पुरुष. एकाने यंत्राचा आधार घेतला, दुसऱ्याने औषधाचाही आधार सोडला. यांपैकी कोणाचेही अनुकरण करावे असा याचा अर्थ नव्हे. व्याधी निराळी, वय निराळे, कर्तव्ये निराळी. तरुण संसारी माणसाने उपचार नाकारून घरच्यांना उघड्यावर टाकणे यास वैराग्य म्हणता येणार नाही. परंतु दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट समान होती. आपल्याला काय हवे हे त्यांना ठाऊक होते आणि सभोवतालच्या माणसांनी त्यांचे ऐकले. सामान्य रुग्णाला नेमके हेच लाभत नाही. त्याला कोणी विचारतच नाही.

विचारण्याचे शास्त्र

इंग्लंडमधील सिसिली सॉन्डर्स या बाई प्रथम परिचारिका, नंतर समाजसेविका व अखेर डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये लंडन येथे त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे दुर्धर रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह उघडले. रुग्णाची वेदना केवळ शारीरिक नसते, ती मानसिक, सामाजिक व आत्मिकही असते, आणि या चारही अंगांवर एकत्र इलाज केला तरच ती शमते, हा विचार त्यांनी वैद्यकशास्त्रास दिला. आपल्याकडे मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले. प्रारंभी हा विचार कर्करोगापुरता होता. पुढे तो मूत्रपिंडविकारासही लागू झाला. जागतिक आरोग्य संघटनेने उपशामक शुश्रूषेच्या व्याख्येत आत्मिक व्यथांचा स्पष्ट उल्लेख केला असून, २०१४ च्या ठरावाने अशी शुश्रूषा सर्व आरोग्यव्यवस्थांचा भाग व्हावी, असे आवाहन जागतिक आरोग्य सभेने केले आहे.

मग विचारावयाचे काय? अमेरिकेतील डॉ. क्रिस्टिना पुचल्स्की यांनी यासाठी चार प्रश्नांची सोपी पद्धत रूढ केली. तिचा आशय असा : तुम्हाला बळ कशातून मिळते, तुमच्या आजारात त्याचे स्थान काय, तुमची आपली म्हणावी अशी माणसे कोण, आणि या बाबतीत आम्ही तुमच्यासाठी काय करावे? या चार प्रश्नांस दहा मिनिटे पुरतात. त्यासाठी पदवी लागत नाही, खुर्ची रुग्णाजवळ ओढून बसण्याची तयारी मात्र लागते. उत्तर ‘पांडुरंग’ असे येईल, ‘नमाज’ असे येईल, ‘धम्म’ असे येईल, ‘माझी दोन वर्षांची नात’ असेही येईल. ज्याचे उत्तर येईल त्याचा मान राखावा. आपले उत्तर त्याच्या तोंडी घालू नये. रुग्णशय्या ही कोणत्याही पंथाच्या प्रचाराची जागा नव्हे.

श्रद्धा व पथ्य यांचा मेळ

विचारल्याचा लाभ व्यवहारातही होतो. एकादशीस उपवास करणाऱ्या आजीबाई आपण ‘काहीच खाल्ले नाही’ असे सांगतात. प्रत्यक्षात बटाटा, रताळे, केळे, शेंगदाणे व शहाळ्याचे पाणी पोटात गेलेले असते आणि या सर्वांत पोटॅशियम भरपूर असते. सैंधव उपवासास चालते म्हणून ते निर्धोक, असाही समज आहे. परंतु तेही मीठच होय. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ तर या रुग्णांना अधिकच घातक ठरू शकते, कारण त्यात बहुधा सोडियमऐवजी पोटॅशियम असते. अशा वेळी ‘उपवास बंद’ एवढे फर्मान सोडले, की आजीबाई पुढच्या खेपेस खरे सांगत नाहीत. त्याऐवजी आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यांना चालेल असा बेताचा फराळ ठरवून दिला, तर व्रतही राहते आणि जीवही वाचतो. पाणी व औषध यांनी व्रतभंग होत नाही, ही आपल्या धर्मशास्त्राची मान्यता आहे. रमजानच्या रोजांतून आजाऱ्यास सूट असल्याचे कुराणातच नमूद आहे आणि ज्यास रोजे ठेवणे कधीच शक्य नाही, त्याने गरिबास अन्न द्यावे अशी तरतूद इस्लाममध्ये आहे. ही गोष्ट डॉक्टरांपेक्षा गावच्या मौलवींनी वा कीर्तनकारांनी सांगितली, तर ती मनाला अधिक पटते.

फिस्टुलाच्या हाताविषयीही असेच. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, रक्त काढू नये, तो उशाखाली दाबून झोपू नये, हे रुग्णालयात सांगतात. त्याच हातात प्रेमाने घट्ट बांधलेला गंडा किंवा दाटून बसलेल्या बांगड्या मात्र कोणाच्या ध्यानात येत नाहीत. श्रद्धेचा धागा दुसऱ्या हातात बांधावा, एवढेच सांगणे पुरेसे असते. तीर्थ चमचाभर घ्यावे व ते दिवसाच्या पाण्यात मोजावे. पंढरीच्या वारीची ओढ असलेल्यास संपूर्ण पायी वारी झेपणार नाही; पण दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी, डॉक्टरांना विचारून, एखाद्या टप्प्यावर दिंडीस भेटून येणे काहींना शक्य होते. विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीवर जाण्याची इच्छा असलेल्यासाठी पाळीचा दिवस एखाद्या दिवसाने मागेपुढे करता येईल काय, हे केंद्रात आधीच विचारून ठेवावे.

मात्र श्रद्धेचा आदर म्हणजे फसवणुकीकडे डोळेझाक नव्हे. ‘डायलिसिस सोडा, अंगाऱ्याने मूत्रपिंड बरे करतो’ असे सांगणारे भोंदू गावोगाव भेटतात. पूर्णपणे निकामी झालेले मूत्रपिंड अंगाऱ्याने वा काढ्याने पूर्ववत होत नाही. काही जडीबुटींनी व भस्मांनी तर उरलेसुरले कार्यही नष्ट होते. अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ मध्ये कायदा केला आहे. परंतु कायद्यापूर्वी शेजाऱ्याने वेळेवर सांगितलेली गोष्ट अधिक उपयोगी पडते.

अखेरचा निर्णय

काही रुग्णांच्या बाबतीत अशी वेळ येते, की डायलिसिसने आयुष्य फारसे वाढत नाही, हाल मात्र वाढतात. अतिवृद्ध, इतर अनेक व्याधींनी जर्जर झालेल्या रुग्णांबाबत, डायलिसिस सुरूच न करता श्वास, खाज, मळमळ व निद्रानाश यांवर औषधोपचार करणे हाही शास्त्रसंमत मार्ग असल्याचे आता मूत्रपिंडतज्ज्ञ मानतात. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आपल्या उपचारांबाबतची इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. तथापि पैसा संपला म्हणून किंवा आपण घराला भार झालो म्हणून घेतलेला निर्णय हा मुक्त निर्णय नव्हे. तो निराशेचा उद्गार होय, व त्यावर प्रथम समुपदेशन व आर्थिक साहाय्य हाच इलाज आहे. म्हणून ‘आता पुरे’ असे रुग्ण म्हणाला, तर त्याला गप्प करू नये आणि लगेच मानही डोलवू नये. ‘असे का वाटते?’ हे विचारून त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे.

आपले कर्तव्य

पंचायत सदस्यांनी प्रथम गावात असे रुग्ण कोण, हे जाणून घ्यावे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस व मूत्रपिंड प्रत्यारोपण यांचा समावेश आहे, २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमान्वये जिल्हा रुग्णालयांतून ही सेवा देण्यात येते, एस. टी. च्या सवलतींतही डायलिसिसच्या रुग्णांचा अंतर्भाव आहे. ही माहिती व त्यासाठी लागणारे दाखले रुग्णाच्या घरी पोहोचविणे हे समाजकार्य तर आहेच, आत्मिक आधारही आहे. कारण भार झाल्याची भावना पैशाच्या चिंतेतूनच बळावते. अधिकाऱ्यांनी अशा रुग्णास दाखल्यासाठी पुनःपुन्हा खेटे घालावयास लावू नयेत. त्याच्या आठवड्यातील दोन-तीन दिवस आधीच यंत्राने घेतलेले असतात.

शिक्षकांचे काम याहून नाजूक आहे. वर्गातील एखाद्या मुलाचे वडील डायलिसिसवर असतील, तर ते मूल एकाएकी प्रौढ झालेले असते. त्याची शाळा सुटू न देणे हा त्या पित्यासाठी मोठा दिलासा ठरतो. तसेच रुग्ण स्वतः सुतार असेल, भजनी असेल, निवृत्त शिक्षक असेल, तर त्याच्याकडून मुलांनी काही शिकावे. माणसाला औषधाइतकीच, आपण अजून कोणाच्या उपयोगी पडतो या जाणिवेची गरज असते.

ही शिकवण आपल्या भूमीला नवी नाही. आजारी भिक्षूची घाण स्वतः धुऊन काढणाऱ्या तथागतांची कथा विदर्भातील वस्त्यांतून आजही सांगितली जाते. गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या. मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या नातलगांना आजही निवारा देत आहे. देव माणसात पाहावा म्हणजे काय करावे, याचा हा वस्तुपाठ होय.

उद्या सकाळी सीताबर्डीच्या गर्दीत एक हात जपून धरलेला कोणी दिसला, तर त्यास वाट करून द्यावी. तो आपल्या गावचा असेल, तर सायंकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे. चहा-पाण्याचा आग्रह करू नये. ‘कसे काय, आज यंत्रावर मन कशात होते?’ एवढे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत उठू नये.